सातशे आठ पावलांचं रोम

दुल्हाभाईंना माती देऊन आम्ही परत आलो तेव्हा आपा दारातच उभी होती. दुबईच्या करामा भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, आतून कुराण पढल्याचा आवाज येत होता, आणि माझी ही ऐंशी ओलांडलेली मोठी बहीण चौकट धरून माझी वाट बघत होती. तिने विचारलं, "रशीद, फाटकापासून किती पावलं?"

"मोजली नाहीत गं," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि आत गेली. रागावली नाही, रडली नाही. मीही रडलो नव्हतो. आज पाच आठवडे होऊन गेले, अजून रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, पेपर वाचतो, दुपारचा चहा वेळेवर लागतो... साठ वर्षांचा सोबती गेला आणि आपल्याला काही झालंच नाही, असं वाटत राहतं. याचीच मला लाज वाटते.

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. जनाजा उठला की त्यांचं पोचवणं उंबरठ्यापाशी संपतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि त्या घरात पावलांना काय किंमत होती तेही माहीत आहे. तरी मी मोजली नाहीत. ती तिने का विचारली, हे बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

शरफुद्दीन, म्हणजे सगळ्यांचे शरफूभाई, आधी माझे मित्र आणि मग आपाशी लग्न होऊन माझे दुल्हाभाई. दोघे रत्नागिरीकडच्या एकाच गावचे, दोघे एकाच बोटीने दुबईला उतरलो. साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी खाडीकाठच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून झालो, ते जमिनीची मोजणी करणाऱ्या कंपनीत चेनमन. लोखंडी साखळीचं एक टोक धरून उन्हात चालायचं आणि सांगितलं तिथे खुंटी ठोकायची, हे त्यांचं काम. साखळी पोचत नसेल तिथे पावलांनी मोजायचं. दुल्हाभाईंचं पाऊल बरोब्बर अडीच फूट पडायचं. त्यांचा साहेब म्हणायचा, साखळी उन्हाने वाढते, शरफूचं पाऊल वाढत नाही.

कौतुक करणं हा मात्र त्यांचा प्रांत नव्हता. लग्नासाठी गावी जाऊन आले तर मला सांगतात काय, "तुमच्या घराच्या पायरीपासून विहीर बेचाळीस पावलं आहे." नवी नवरी कशी वाटली हे विचारायचं मीच सोडून दिलं.

आपा सातवी शिकलेली, गावातल्या मुलींमध्ये तेव्हा ते फार झालं. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात रोमच्या त्या गोल, पडक्या, कमानी-कमानींच्या कलोसियमचं चित्र होतं. ते पान तिने फाडून जपून ठेवलं होतं, आणि दुबईला आली तेव्हा ट्रंकेत तळाशी घालून आणलं. दुल्हाभाईंनी तिला कबूल केलं होतं की पैसे साठले की आपण दोघं तिथे जाऊ. बोलण्यातली गोष्ट होती, पण तिने ती खरी धरली होती.

आणि ती येऊन सहा महिने होतात न होतात तोच दुल्हाभाई एकटे रोमला गेले. कंपनीतला एक इटालियन इंजिनियर खड्ड्यात पडून पाय मोडून बसला होता. त्याला उचलून बसवायला, बैरूतला विमान बदलताना सांभाळायला, घरी पोचवायला भरवशाचा माणूस हवा होता. परतीच्या विमानाला नऊ दिवस अवकाश होता. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, खायचं काय याची पंचाईत. नऊ दिवस हा माणूस पाव आणि फळं खाऊन एकटा रोमभर चालत राहिला.

परत आले तेव्हा आपा त्यांच्याशी धड बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी मी समोर असताना तिने विचारलं, "कसं आहे ते?"

"सातशे आठ पावलं," दुल्हाभाई म्हणाले. "बाहेरून. तीनदा मोजली."

"दिसतं कसं?"

"जुनं आहे."

आपाने हातातलं ताट जरा जोरातच ठेवलं. मग त्यांनी खिशातून वही काढली. पानापानावर आकडे. पूल, कमानी, नदीचा काठ, पायऱ्या. एक गोल देऊळ होतं, आतून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सत्तावन्न पावलं, आणि छताला मधोमध भलंमोठं भोक. तिथून पाऊस आत पडतो, असं त्यांनी हाताने दाखवलं.

"इतक्या वर्षांत छप्पर शाकारायला माणूस मिळाला नाही त्यांना?" आपा म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसली.

पुढच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर दुल्हाभाई आम्हा दोघांना घेऊन डेरा नावाच्या वस्तीमागच्या मोकळ्या वाळूत गेले. आज तिथे इमारतीला इमारत लागलेली आहे, तेव्हा चार-दोन झुडपं आणि वारा. बरोबर खुंट्या, हातोडी आणि सुतळीचे गुंडे. मला सुतळीचं टोक धरून उभं केलं. वहीत बघायचे, चालायचे, खुंटी ठोकायचे. दोन शुक्रवार गेले तेव्हा वाळूवर एक लांबट वर्तुळ तयार झालं. मग आपाकडे वळून म्हणाले, "यल्ला, चल. हे कलोसियम."

आपा बुरखा सावरत निघाली. मोठ्याने मोजत होती. पूर्ण फेरी मारून आली तेव्हा चेहरा लाल झाला होता. म्हणाली, "माझी नऊशे चाळीस झाली."

"तुझं पाऊल लहान आहे."

"मग माझं रोम तुमच्यापेक्षा मोठं," ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी जाऊन बघतो तर कलोसियमच्या आत वस्ती. कोणी दगडांची चौकट मांडलेली, कोणी काठीला फडकं बांधून गाडलेलं, एका म्हाताऱ्याने तर दोन बकऱ्याही बांधल्या होत्या. मोजणीवाल्याने खुंट्या ठोकल्या म्हणजे प्लॉट पडणार, हे सगळ्या गावाला माहीत. त्यात चूक कोणाची म्हणणार. म्हाताऱ्याने दुल्हाभाईंना ओळखलं आणि हात धरून म्हणाला, "हबीबी, माझा कोपऱ्याचा." वर्तुळाला कोपरा कुठून आणायचा.

सोमवारी साहेबाने बोलावलं. खुंट्या कंपनीच्या होत्या, परवानगी कोणाची नव्हती. नोकरी जायचीच वेळ होती. दुल्हाभाईंनी मला नंतर सांगितलं ते असं. साहेबाने विचारलं, "शरफू, ये रोड किधर जाता है?" हे म्हणाले, "किधर नहीं जाता साब. गोल है. मेरी बीवी को रोम दिखाया." साहेब मग म्हणाला, "निकालो. आज ही. खलास." एवढ्यावर निभावलं.

त्यानंतर खुंट्या नाहीत. दुल्हाभाई नुसते पुढे चालायचे आणि वाळूत उमटलेल्या त्यांच्या पावलांवरून आपा मागून जायची. त्या हिवाळ्यात असं सगळं रोम फिरून झालं. पूल झाला, कमानी झाल्या, नदीचा काठ झाला. त्या गोल देवळाच्या बरोबर मधे उभी राहून तिने वर बघितलेलं मला आठवतं.

दोन-तीन वर्षांनी गावी आमचे अब्बा गेले. आपाला दिवस भरत आले होते, तिला प्रवास करता येत नव्हता. मला रजा मिळाली नाही, जावई म्हणून दुल्हाभाई गेले. परत आले ते दारातूनच म्हणाले, "फाटकापासून त्रेसष्ट. मग डावीकडे अकरा. आंब्याखाली." आपा संध्याकाळी आम्हा दोघांना घेऊन वाळूत गेली, त्रेसष्ट पावलं दुल्हाभाईंना चालायला लावली, मागून स्वतः चालली, डावीकडे वळली, अकराव्या पावलाला थांबली आणि हात उचलून फातेहा पढली. आंबा नव्हता, एवढंच. तिथे मात्र मी ढसाढसा रडलो होतो. म्हणजे मला रडता येतं.

पुढे तो परिपाठच झाला. जिथे तिला जाता येत नाही तिथली पावलं हे आणून देणार. तिचा मुलगा आता अबूधाबीला अल रीम आयलंडवर उंच इमारतीत राहतो. त्याने आईबापांसाठी रोमची तिकिटं काढायची म्हटली तर आपा म्हणाली, "दोनदा कशाला?" शेवटच्या आजारात तिचे गुडघे इतके दुखत होते की हॉस्पिटलात तिला रोज नेता येत नव्हतं. मी भेटून निघालो की दुल्हाभाई उशीवरून विचारायचे, "लिफ्टपासून माझ्या खाटेपर्यंत किती झाली? तिला सांग."

आणि मी त्यांनाच पोचवायला गेलो आणि नुसता चालत राहिलो. लोकांच्या पाठी बघत. खांदा दिला, माती दिली, सगळं केलं. मोजलं तेवढं नाही.

गेल्या शुक्रवारी एकटाच कबरस्तानात गेलो. सगळ्या कबरी सारख्या, नुसते दगड आणि नंबर. आमच्यानंतर नव्या दोन ओळी भरल्या होत्या. नंबर चिठ्ठीवर होता म्हणून दुल्हाभाईंची सापडली. तिथून फाटकापाशी परत आलो आणि मोजायला लागलो. मधे एकदा चुकलो, पुन्हा फाटकापासून सुरुवात केली. तिथून तडक करामाला गेलो.

"दोनशे चौदा," मी दारातूनच सांगितलं. "मग उजवीकडे एकोणतीस. पण ही माझी पावलं आहेत आपा. माझी आता लहान पडतात."

"माझ्याएवढीच पडतात तुझी," ती म्हणाली. "पुढे हो."

ती काठी घेऊन बाहेर आली. तिच्या मजल्यावरचा कॉरिडॉर लांब आहे, तरी दोनशे चौदाला पुरत नाही. मी पुढे, ती मागे, येरझाऱ्या घालत राहिलो. आपाची पणती, नातवाची मुलगी, दारात येऊन उभी राहिली. "बडी दादी, व्हॉट आर यू काउंटिंग?" आपाने तिला बोटाने गप्प केलं. दोनशे चौदा झाली. उजवीकडे वळायचं तर शेजारच्या मल्याळी कुटुंबाचं दार समोर. आपा थांबली नाही. दाराकडे तोंड करून जागच्या जागी एकोणतीस पावलं टाकली. मग काठी माझ्या हातात दिली आणि हात उचलले.

दार उघडलं. शेजारीण हातात कचऱ्याची पिशवी घेऊन उभी. तिने आपाकडे बघितलं, पिशवी हळूच खाली ठेवली आणि काही न विचारता तशीच उभी राहिली.

फातेहा झाली. आपाने चेहऱ्यावरून हात फिरवले, माझ्याकडून काठी घेतली.

"ते लांब नाहीत," ती म्हणाली.

तिला घरात पोचवून मी निघालो. मेट्रो स्टेशनच्या दारात आलो तेव्हा ध्यानात आलं की तिच्या उंबरठ्यापासून मी मोजत आलो होतो. सहाशे बारा झाली होती. किती झाली हे विचारणारे दुल्हाभाई नाहीत, आता कोणाला सांगायचं, असं मनात आलं आणि मी तिथल्या बाकावर बसलो.