मेंदूतली गप्प जनुकं

माझ्या लेकाचं, सोमनाथचं मन ताळ्यावर येईपर्यंत चहा घेणार नाही, असं मी महादेवाला बोलले होते. तो नवस घेऊनच लातूरच्या मनोविकार डॉक्टरांकडे रुग्णांच्या घरच्या माणसांच्या बैठकीला जायला लागले. रडायला गेलेल्या आम्ही बायका किस्से घेऊन परततो. सोमवारी देवळाबाहेर चपला साचाव्यात तसे साचलेत!

पहिल्या दिवशी चहावाचून डोकं नुसतं ठणकत होतं. डॉक्टरांना म्हटलं, "चहाही उत्तेजकच ना? सोडला मी."

ते हसले. "काकू, चहा अन् त्या गोळ्या एका पंगतीला बसवू नका! मेंदूत प्रत्येकाचं काम निराळं."

*

त्या गोळ्या म्हणजे... सोमनाथला उदासीवरची गोळी चालू होती. परीक्षेसाठी जागायला म्हणून मित्राची लक्ष लागायची गोळीही तो गुपचूप घ्यायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "जनुकं तीच राहतात. पण कोणत्यानं बोलावं, कोणत्यानं गप्प बसावं, हे अशा औषधांनी बदलतं. उंदरांत दिसलंय, या दोन गोळ्या मिळून तो बदल वाढवतात."

बैठकीत जळकोटच्या गंगाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. नवरा ट्रकड्रायव्हर, जागं राहायच्या गोळ्यांत अडकलेला. त्या म्हणाल्या, "हाव! आमच्या दोघी जावा एकेकट्या लई गुणाच्या. एकत्र आल्या की घर हलतंय!"

*

नांदेडच्या एक शिक्षिका. मुलीला डॉक्टरांनीच लक्ष लागायची गोळी दिलेली. बाई सोमवारी ती देतच नव्हत्या.

"उपासाला चालते की नाही, कळेना."

"उपास तुमचा की तिचा?"

"माझाच. पण घरात त्या दिवशी उपासाचं सोडून दुसरं काही होत नाही!"

डॉक्टर या वेळी हसले नाहीत. "नेमून दिलेली, मोजकी गोळी वेगळी. दुसऱ्याची मागून मनानं वाढवलेली वेगळी. मला विचारल्याशिवाय बंद करू नका."

*

आता शेवटचा किस्सा. मित्राकडची गोळी सुटली, पण सोमनाथला काहीच गोड लागेना. "मेंदू सावरायला वेळ घेतो, वाट बघा," डॉक्टर म्हणाले. मी प्रत्येक घासाला विचारायची, "कसं झालंय रे?" तो ताट सारायचा.

एकदा गंगाबाई नवऱ्याला घेऊन आमच्या घरी आल्या. ते आता गोळीवाचून गाडी चालवतात. अर्धापूरहून केळी आणलेली. मी तोंड उघडणार, तर गंगाबाईंनी माझा हात दाबला. "वहिनी, आज इचारू नका. एवढं व्रत धरा."

मी धरलं. त्यांचा नवरा सोमनाथसमोर बसला. एक केळ सोलून स्वतः खाल्लं, एक त्याच्या पुढ्यात ठेवलं.

बऱ्याच वेळानं सोमनाथनं ते खाल्लं. मग दुसऱ्याला हात घातला.

तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर पुढ्यात केळ ठेवा. आणि काही म्हणजे काही विचारू नका.