फाशी ऐकून तो हसला म्हणे

भूकंपानंतरच्या वर्षांत मी लातूरहून नांदेडच्या दैनिकाला बातम्या पाठवायचो. पाकीट चारच्या एस्टीच्या कंडक्टरकडे द्यायचं. एका गाजलेल्या खटल्यात बस चुकू नये म्हणून मी निकालाआधीच लिहून टाकलं, ‘फाशी ऐकून आरोपी हसला’, आणि स्टँडकडे पळालो. शिक्षा फाशीचीच झाली खरी.

दोन दिवसांनी त्याची बहीण भोकरहून कात्रण घेऊन आली.

“भाऊ, तो हसला तवा तुमी कोर्टात व्हता?”

“नाही ताई, बस सुटत होती.”

“मंग बशीनं सांगितलं का? रडला त्यो. आता गाव म्हणतं, हसणाऱ्यासाठी अपील कशाला?”

मी दुरुस्ती लिहिली: ‘मी तिथे नव्हतो. तो रडला, असं बहीण सांगते.’ पाकीट कंडक्टरला न देता तीच नांदेडला घेऊन गेली. छापून आलं, माझी शोभा झाली. आठवड्याने तिचं कार्ड आलं: वकिलाकडे सोबत यायला गावातले चौघं तयार झालेत.