मगरींच्या तलावावर लटकलेला झंझावात

माझं लग्न एका कॉमिक्समुळे झालं.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. लाखनीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ओठावर बऱ्यापैकी मिशा होत्या आणि टेबलाखाली जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा होता. त्यात ‘झंझावात’ या महाबलीचा पहिला भाग. शेवटच्या पानावर झंझावात मगरींच्या तलावावर उलटा लटकलेला, वरून दोर उंदीर कुरतडतोय आणि खाली लिहिलेलं, ‘पुढील भागात वाचा!’ तो पुढील भाग काही केल्या मिळेना. साकोली, तुमसर, भंडारा, सगळ्या रद्दीवाल्यांच्या दुकानांत नाक खुपसून झालं. जेवताना घास तोंडाशी थांबायचा. दोर तुटला असेल का?

एक दिवस धानाची मेटॅडोर चालवणारा माझा दोस्त संजू म्हणाला, “एकोडीत एका रिटायर गुरुजीच्या घरी कपाटभर कॉमिक्स पाह्यले बे!”

माझ्या हातातला पाना गळून पडला.

दिवाळी नुकतीच झाली होती आणि एकोडीत मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा होती. निघालो तर माय म्हणाली, “मी बी येतो. आन रिकाम्या हातानं कोनाच्या घरी जातेत काय?” तिनं किलोभर पेढे घेतले आणि मला नवा शर्ट घालायला लावला.

आता मंडईच्या दिवसांत, नवा शर्ट घालून, मायला सोबत आणि पेढे हातात घेऊन कोणी दारात उभं राहिलं तर त्याचा अर्थ काय, हे झाडीपट्टीत शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्याकडच्या निम्म्या सोयरिकी मंडईतच जुळतात! मला कळलं नाही. (मायला पूर्ण कळलं होतं. पण ती बोलली नाही.)

गुरुजींनी खाटेवर सतरंजी टाकली. “कोन्या गावचे?”

“लाखनीचे जी.”

“आज कसं येनं केलं?”

आली का पंचाईत! एवढ्या मिशा घेऊन ‘कॉमिक्स वाचायला आलो’ कसं सांगायचं? मी मान खाली घातली आणि चक्क लाजलो. माझं लाजणं पाहून गुरुजींनी घरात आवाज दिला, “चहा ठेवा वो! पोहे बी करा!”

बघता बघता शेजारचे चार म्हातारे खाटेवर येऊन बसले. माझं आडनाव, मामाचं गाव, किती एकर धान, सगळी चौकशी झाली. माय भराभर उत्तरं देत होती. मी आपला पडद्याच्या फटीतून आतलं कपाट शोधत होतो.

“पाहा, पाहा,” एक म्हातारा हसून म्हणाला, “पोराले धीर नाही!”

तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन गुरुजींची मुलगी वंदना आली. पडदा सरकला आणि मागे कपाट दिसलं. बापा रे! खालपासून वरपर्यंत कॉमिक्स!

“काही इचाराचं असन तं इचारा,” गुरुजी म्हणाले.

मी विचारलं. “ते कपाट कोनाचं हाये?”

“माहं,” वंदना म्हणाली.

“झंझावातचा दुसरा भाग हाये त्याच्यात?”

मायनं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. वंदनानं मात्र पहिल्यांदाच मान वर केली.

“हाये. पन नेऊ देत नाही. वाचाचा असन तं अठीच वाचा.”

आणि मी वाचला! चार म्हाताऱ्यांसमोर, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन. झंझावात लटकतोय, उंदीर कुरतडतोय, दोराचा शेवटचा धागा उरला... आणि शेवटचं पानच नाही!

“पान कुठं गेलं?” मी ओरडलो.

गुरुजी खाकरले. “दाढीचं ब्लेड पुसाले घेतलं असन म्या.”

“मंग शेवटी काय होते?”

“मले मालूम हाये,” वंदना शांतपणे म्हणाली.

“सांगा नं!”

गुरुजी मध्ये पडले. “ते राहू द्या. आमची पोरगी पसंत हाये काय?”

“हो जी, हो! पन शेवटी काय होते?”

माझा प्रश्न कोणीच ऐकला नाही. गुरुजींनी वंदनाला विचारलं, “तुहं काय?”

“चालते,” ती म्हणाली. “माहे कॉमिक्स रद्दीत तं नाही इकनार!”

आम्हीच आणलेले पेढे आमच्याच तोंडात कोंबण्यात आले.

लग्नानंतर कपाट लाखनीला आलं. मी रोज विचारतो, “आता तं सांग.” ती म्हणते, “पह्यले पानी भरा, मंग सांगतो.” आजवर मी पाण्याचे किती गुंड, म्हणजे हंडे, भरले असतील, देव जाणे! तिचं ते हसू बघून रागही येत नाही.

परवा भंडाऱ्याला टीव्हीचे पार्ट आणायला गेलो होतो. सवयीनं एका रद्दीच्या दुकानात शिरलो, तर समोर वंदना! (सकाळी निघताना ‘बहिणीकडे जातो’ म्हणाली होती.) ती रद्दीवाल्याला हळूच विचारत होती, “भाऊ, झंझावातचा दुसरा भाग हाये काय? शेवटचं पान पायजे. बाबानं फाडलं, माहं वाचाचंच राहून गेलं.”

मी पुठ्ठ्यांच्या ढिगामागे लपलो. जे तिलाच ठाऊक नाही, त्याच्यासाठी मी इतकी वर्षं पाणी भरत होतो!

रद्दीवाल्यानं मान हलवली. तिचा चेहरा एवढासा झाला. मी गुपचूप घरी आलो आणि दोन गुंड जास्तच भरून ठेवले. न जाणो, उद्या तिला ते पान सापडलं, तर मला सांगणार कोण, तीच ना?