ब्लॉगवरचा हातपंप

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साचतात, कारण किश्शांना सही लागत नाही! ऑफिस परभणी जिल्ह्यातलं. तालुका सांगत नाही, मला अजून रिटायर व्हायचंय.

वरून आदेश आला, ब्लॉग सुरू करा. ट्रेनिंगला आलेला पोरगेला मास्तर म्हणाला, "ब्लॉग म्हणजे जनतेशी मनमोकळ्या गप्पा."

साहेब लगेच माझ्याकडे वळले. "गप्पांचा मसुदा करा आणि सहीला ठेवा!"

पहिली पोस्ट होती 'उन्हापासून काळजी'. पाच टेबलं फिरली. एकाने शेरा मारला, 'ऊन कोणत्या आदेशान्वये?' पोस्ट प्रसिद्ध झाली तेव्हा आम्ही स्वेटर घालून बसलो होतो.

तरी एक कॉमेंट आली! एका वस्तीवरच्या सुमनबाईंनी नातीच्या मोबाइलवरून लिहिलं होतं, 'हातपंप बंद हाय. दोन मैलावरून पाणी आणायलाव. गुडघे गेले माझे.'

आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी कॉमेंटची प्रिंट काढून आवक शिक्का मारला. मग बाईंना पत्र पाठवलं, 'कॉमेंट दोन प्रतींत सादर करावी.'

बाईंनी तीच कॉमेंट दोनदा टाकली!

साहेब म्हणाले, "हातपंपावर पोस्ट टाका. फोटोत पाणी पाहिजे, कोरडा पंप बरा दिसत नाही."

वस्तीवरच्या पंपाला पाणी कुठलं? मी देवगाव फाट्याला लग्नाला गेलो होतो, तिथल्या हॉटेलाजवळचा धो-धो वाहणारा पंप टिपून आणला. मथळा लिहिला, 'वस्तीवरील हातपंप लवकरच सुरू'.

साहेबांनी 'लवकरच' खोडलं. "उगाच शंका येते लोकांना."

टाइप मीच केलं. लाज वाटते, पण केलं.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक वस्तीवरच्या पंपाचं सामान न्यायला आमच्या स्टोअरला आला. स्टोअरवाल्याने त्याला मोबाइल दाखवला. "ब्लॉगवर तर चालू हाय. चालू पंपाला सामान कसं देऊ बाबा?"

मेकॅनिक रिकामा परतला. काकांनी तक्रारीवर 'निकाली' लिहिलं, पुरावा म्हणून माझीच पोस्ट जोडली. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

आणि मग एका दुपारी सुमनबाई स्वतःच आल्या. यष्टीनं, कडेवर रिकामी घागर घेऊन. माझ्या टेबलापाशी थांबल्या. "ब्लॉग लिव्हणारे तुमीच का?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात साहेब केबिनच्या दारात आले. "काय पाहिजे आजी?"

बाईंनी नातीचा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "ह्यो पंप आमच्या वस्तीवर हाय म्हणायलाव तुमी. म्या समदी वस्ती हुडकली साहेब, मला न्हाई घावला."

"बघतो ना आपण, आजी..."

"लय बरं झालं. तुमाला ठावं हाय तर तुमीच भरून आणा. मी हितं बसते."

बाईंनी घागर साहेबांच्या हातात दिली, केबिनमध्ये गेल्या आणि पंख्याखालच्या साहेबांच्याच खुर्चीत जाऊन बसल्या.