राजेश्वरीचा दुसरा रनर

राजेश्वरी भित्री. हे तिच्या तोंडावर म्हटलं तरी ती रागावत नाही, उलट मान डोलावते. गॅस बंद केलाय का बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत फिरते. पाटी वाचूनच एसटीत चढलेली असते, तरी बसल्यावर कंडक्टरला विचारते, "सांगलीच ना?" पलूसकडच्या कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरात, जिथं दोन चुलते फौजेत आणि बाप उभा जन्म नदीच्या जॅकवेलवर, म्हणजे पाणी उपसायच्या काठच्या खोल विहिरीवर, मोटर चालवत आलेला, तिथं असलं लेकरू कसं निपजलं हे सगळ्या भावकीला कोडं होतं. बाप आप्पासो तर चारचौघांत खुशाल सांगायचा, "आमच्या राजूला सावलीचं बी भ्या वाटतंय."

पण भित्रेपणालाही गिऱ्हाईक मिळतं. सांगलीत विश्रामबागेत चष्म्याच्या दुकानाच्या वर ऋषिराज नावाच्या तरुणाने छोटी कंपनी काढली होती. नदीवरची किंवा विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचं पॅनेल ते बनवत. ही मोटर नको तेव्हा चालू झाली तर जळते, आणि जवळ माणूस असलं तर त्याच्या जिवावर बेततं. म्हणून प्रोग्रॅममधला बारीकसा बदलसुद्धा तपासून घेणारं माणूस ऋषिराजला हवं होतं. मुलाखतीत त्याने राजेश्वरीला दोन प्रश्न विचारले आणि तिने त्याला इतके उलटे विचारले की त्याला दरदरून घाम फुटला. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर.

तपासायचं काम हाताने करून भागत नव्हतं. मग तिने ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर रनर नावाचा तपासणीचा प्रोग्रॅम बसवला. कुणी प्रोग्रॅममध्ये बदल केला की रनर आपोआप जागा होतो, एक कोरा कंटेनर उघडतो, त्यात नवा प्रोग्रॅम चालवून बघतो आणि काम झालं की तो कंटेनर टाकून देतो. आई चंद्राबाईने हे काय असतं म्हणून विचारलं, तेव्हा राजेश्वरी म्हणाली, "पंगतीतली पत्रावळ गं. जेवलं की उचलून टाकायची, दुसऱ्याला नवी." आईला तेवढं पटलं. सगळं ऑफिसातच चालायचं. बाहेरून कुणी घुसेल या धास्तीने तिने बाहेरून आत यायची वाटच ठेवली नव्हती. स्वतः परगावी असली तर तिलाही आत जाता येत नसे. फक्त तपासणी सुरू झाल्याचा मेसेज ग्रुपवर पडायचा.

कंटेनरला खरं म्हणजे बाहेरचं काही दिसता कामा नये. पण टेबलावर एक सरावाचं पॅनेल होतं, खऱ्यासारखंच सिमकार्डावर चालणारं, फक्त मोटरीच्या जागी साधा बल्ब. तपासणीचं शेवटचं काम असायचं ते या पॅनेलला 'चालू' सांगायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि 'बंद' सांगायचं. बल्ब लागला, विझला, की पास. तेवढ्यासाठी तिने कंटेनरमधून त्या पॅनेलपर्यंत एक वाट मोकळी केली आणि त्याचा पत्ता रनरमध्ये लिहून ठेवला. पुढे कामं वाढली तसा तिने टेबलाखालच्या एका जुन्या मशीनवर दुसरा रनर बसवला. पहिला कामात अडकला तरच दुसरा जागा व्हायचा.

एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली आणि आप्पासो ज्या पाणी संस्थेची मोटर चालवायचा तिचं पॅनेल जळून गेलं. नवीन यायला वेळ लागणार, ऊस करपायला लागलेला. आप्पासोने लेकीला फोन केला, "राजू, लोकं माज्या दारात येऊन बसल्याती गं. काय तरी कर." राजेश्वरीने ऋषिराजला विचारलं, टेबलावरचं सरावाचं पॅनेल आपल्या हाताने खोललं आणि गावी नेऊन जॅकवेलवर बसवलं. सिमकार्ड तेच, पत्ता तोच. परत आल्यावर तिने पॅनेलचं सोंग करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि रनरमधला जुना पत्ता काढून तिथं त्याचा घातला. पहिल्या रनरमध्ये घातला. टेबलाखालचा दुसरा राहून गेला. गॅससाठी जिन्यावरून परत फिरणारी ही बाई, पण इथं वळून बघायचं तिला सुचलं नाही. भित्र्या माणसाची अशीच गत होते, सगळी भीती गॅसवर आणि कुलपावर खर्च होऊन जाते.

नंतर एकदा आप्पासो फोनवर सहज म्हणाला, "मोटर कवाकवा आपसूक फिरती न् गप हुती. शेजारचा नानासो म्हनतोय, जॅकवेलवर कायतरी वावर हाय." तो हसत होता. राजेश्वरीला मात्र लहानपणापासून भुताखेतांच्या नुसत्या बोलण्यानेच घाम फुटायचा. "आप्पा, असलं काय सांगू नगा," म्हणून तिने विषयच बदलला. मोटर किती वेळ फिरते, कधी फिरते, एवढं जरी तिने तेव्हा विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्या दिवशी ती रहिमतपूरला एका पाणी संस्थेत पॅनेल दाखवायला गेली होती. चेअरमन अजून यायचे होते, समोर चहा ठेवलेला. तेवढ्यात आप्पासोच्या नंबरवरून फोन आला. बोलत होती आई.

"हे फोन इसरून गेल्याती घरात. आपल्या संस्थेच्या चेअरमनचा फोन आलता, पानी कवा सुटनार म्हनून. तुला इचारती, काय सांगू त्यास्नी?"

"आप्पा कुठं गेल्यात?"

"जॅकवेलात उतरल्याती. पानी कमी येतंय, मोटरीच्या पायपाच्या तोंडाला जाळी हाय तिच्यात जलपर्णी गुतलीया म्हनं. जाळी काढून हात घालून काढाय लागतीया. नानासो नगं म्हनत हुता, त्ये भूत हाय न्हवं तितं. अर्धा मिनिट फिरती मोटर न् थांबती. नेमकं अर्धाच मिनिट."

राजेश्वरीने समोरचा चहा बाजूला सारला. अर्धा मिनिट. भुताला घड्याळ कशाला लागेल? अर्धा मिनिट तिने स्वतः लिहिलं होतं. आणि मग टेबलाखालचं ते जुनं मशीन तिच्या डोळ्यापुढं आलं. जॅकवेलवर वावर होता तो तिचाच होता.

"आई, आप्पांनी फ्यूज काढल्यात का?" तिने विचारलं. वर्षानुवर्षं आप्पासो आधी तिन्ही फ्यूज उपटून मगच खाली उतरायचा.

"न्हाई गं. नानासो तेच म्हनला, फ्यूज काढून उतरा. तर ह्ये म्हनले, राजूनं बसवलंय पॅनेल, मोबाईलवर बंद दिसलं म्हंजे बंद. आता त्ये फ्यूज काढत बसायची गरज न्हाई, असं राजूच म्हनली."

ती म्हणाली होती. पॅनेल बसवताना, मोठ्या ऐटीत.

"आई, पळ! जॅकवेलवर पळ न् आप्पांना वर बोलीव! कोन हाय त्यांच्यासंगं?"

"सिद्धू गडी हाय, दोर धरून. त्याचा फोन पान्यात पडलाय. अगं पर झालं काय?"

"मोटर चालू हुनार हाय! पळ तू!"

चंद्राबाई पुढं काही न विचारता फोन हातात घेऊन पळत सुटली असणार, कारण नुसता वाऱ्याचा आवाज येऊ लागला आणि मग फोन कट झाला. घरापासून जॅकवेल म्हणजे अख्खं शिवार ओलांडून जायचं. गुडघ्याने अधू झालेली बाई. राजेश्वरी उठून उभी राहिली आणि तेवढ्यात ग्रुपवर एकामागून एक दोन मेसेज पडले. दोन्ही तिच्यासोबत काम करणाऱ्या वरदचे बदल. 'तपासणी सुरू. रनर एक.' आणि खाली, 'तपासणी सुरू. रनर दोन.'

आता कंटेनर उघडणार, प्रोग्रॅम तयार होणार, त्याला काही मिनिटं लागणार, आणि सगळ्यात शेवटी मोटरचं काम. तिने वरदला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. वरद कानाला हेडफोन लावून बसला की त्याच्या शेजारी फटाके वाजवले तरी कळत नसे. ऋषिराज मुंबईच्या गाडीत, नेटवर्कच्या बाहेर. शेवटी तिने खालच्या चष्म्याच्या दुकानात फोन लावला. मालक चिंतामणकाकांनी मोबाईल उचलला.

"काका, वर जा, पळत जा! वरदच्या टेबलाखाली जुनं काळं मशीन आहे, त्याची वायर उपटा!"

"अगं, गिऱ्हाईक बसलंय..."

"काका, माझे वडील मरतील!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि काकांच्या चपला जिन्यावर वाजू लागल्या. राजेश्वरीने त्याच फोनवर पॅनेलचं अॅप उघडलं. गावच्या मोटरीपुढं 'बंद' लिहिलेलं होतं. तिने बंदचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बंद असलेल्या मोटरीला आणखी बंद कसं करायचं? मोटर चालूच होऊ नये म्हणून कुलूप घालायची सोय त्या पॅनेलला नव्हती, ती कुणाला सुचलीच नव्हती. संस्थेतला शिपाई दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता आणि ती वेड्यासारखी एकाच बटणावर बोट मारत होती.

आणि 'बंद' पुसलं गेलं. तिथं हिरव्या अक्षरांत 'चालू' आलं.

फोनवर चिंतामणकाका धापा टाकत सांगत होते, "उपटली गं वायर! बंद पडलं मशीन!" आणि मग तिला आणखी भयंकर गोष्ट कळली. रनरने चालू सांगितलं होतं आणि बंद सांगायच्या आधीच त्याची वायर उपटली गेली होती. आता अर्धा मिनिट संपला तरी मोटर थांबणार नव्हती. तिने दोन्ही अंगठ्यांनी बंद दाबलं. हिरवी अक्षरं तशीच. पुन्हा दाबलं. नेटवर्कचं चाक गोल फिरत राहिलं आणि मग कधीतरी 'बंद' आलं.

किती वेळ मोटर चालली हे तिला आजही सांगता येत नाही. जाळी काढलेली, पायपाचं तोंड उघडं, आणि त्यात आप्पासोचा हात. ती खुर्ची धरून खाली बसली. आईला फोन लावायची तिची छातीच होईना. शिपायाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने टेबलावर तसाच ठेवला.

फोन आईचाच आला. आधी नुसता धापांचा आवाज. मग, "हायती. वर हायती. कठड्यावर बसल्याती."

आप्पासो तंबाखूसाठी वर आला होता. जाळी काढली, हात घातला, थोडी जलपर्णी ओढली आणि तलफ आली. डबी वर टांगलेल्या सदऱ्यात. तो शिडीने वर येऊन डबी उघडतो न उघडतो तोच मागं मोटर घरघरली, खालचं पाणी घुसळून निघालं आणि त्याने पायपाशी ठेवलेला विळा पायपाच्या उघड्या तोंडात खेचला जाऊन कडाकडा मोडला. तो आवाज त्याने ऐकला. ज्या तंबाखूपायी चंद्राबाई उभा जन्म त्याच्याशी भांडली, त्या तंबाखूने त्याला वर काढलं होतं.

राजेश्वरीने तिथल्या तिथं फोनवर सगळं सांगितलं. दुसरा रनर, राहून गेलेला पत्ता, भूत म्हणजे कोण. "म्हंजे तूच..." एवढंच आप्पासो बोलला आणि फोन आईकडं दिला. तंबाखू न खाताच त्याने डबी पुन्हा सदऱ्यात टाकली, हे आईने पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. त्याला तसं घाबरलेलं आईनेही पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पुढे जे करायचं ते सगळं झालं. ऋषिराजने तिला कामावरून काढलं नाही, पण पॅनेलला कुलूप बसेपर्यंत एकही नवीन विकलं नाही. राजेश्वरीने दोन्ही रनर पुसून पुन्हा बसवले. आता त्यांच्या कंटेनरना भिंतीपलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. गावात नवीन पॅनेल आलं, त्याचा पत्ता वेगळा, सिमकार्ड वेगळं. नानासोने जॅकवेलवर नारळ फोडला, त्यालाही कुणी आडवं आलं नाही.

आप्पासो अजून जाळी काढायला उतरतो. तिन्ही फ्यूज उपटून सदऱ्याच्या खिशात घालतो, पॅनेलला कुलूप घालतो, किल्ली चंद्राबाईजवळ देतो. एवढं सगळं करून झालं की काठावर उभा राहून सांगलीला फोन लावतो.

"राजू, उतरू का?"

"आप्पा, फ्यूज काढल्यात न्हवं? मग मला कशाला इचारताय?"

"तू सांग."

मग ती उठते. पहिला रनर बघते, वाकून टेबलाखालचा दुसरा बघते, वरदला कीबोर्डवरचा हात काढायला लावते, अॅप उघडून बघते आणि पुन्हा पहिल्याकडे येते. फोनच्या पलीकडे तिचा बाप थांबलेला असतो. पूर्वी तो म्हणाला असता, सावलीला भितीया माजी राजू. आता म्हणत नाही. त्याचा श्वास तिला ऐकू येत राहतो.

"उतरा, आप्पा," ती शेवटी म्हणते, आणि तो वर आल्याचा फोन येईपर्यंत जागची हलत नाही.