व्हिसाच्या आधी लागलेला बॅनर

भावांनो, आज अर्धी सुट्टी टाकून पुण्यात व्हिसाच्या एजंटाकडं गेलो. जर्मनीत जाऊन काम शोधता येते, असा व्हिसा असते म्हणे.

तिथल्या मॅडमनं विचारलं, "शिक्षण?"

"नववी. पण वेल्डिंग लई वर्षांपासून करून राह्यलो."

"त्याचं सर्टिफिकेट?"

"नाही."

"मग नाही होणार, दादा," म्हणत तिनं फाइल परत सरकवली.

बाहेर येऊन मोबाइलवर गावचा ग्रुप पाहतो तं आपल्या कामरगावच्या स्टँडवर लागलेल्या माह्या बॅनरचा फोटो. व्हिसासाठी काढलेला फोटो गजू दोस्ताले पाठवला होता. त्यानं तोच छापला, 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन' लिहून.

त्याले फोन लावला. "काढ तो बॅनर."

"काहून बे? तुह्या बाबानं त्याच्यापुढं नारळ फोडला. उद्या पोरीवाले येऊन राह्यले, फॉरेनचा जवाई पाह्याले."

तेच पोरीवाले. दिवाळीत "पोरगा वेल्डर हाय" ऐकून चहा न घेताच उठले होते.

कोणाची पोरगी फसू नये म्हणून आत्ता बाबाले फोनवर खरं सांगितलं.

तुमीच सांगा, मेहनत करणाऱ्या पोराले पोरगी भेटाले जर्मनीच कायले लागते?