डेझी आंटींचा आवाज

तरुणपणी रेडिओवर गायला जातानाही डेझी आंटी लिपस्टिक लावून जायच्या. ऐकणाऱ्याला ती कुठे दिसणार, असं मी एकदा विचारलं. "आवाजाला कळतं, गर्ल," त्या म्हणाल्या. दोन मुलांची आई असलेल्या मला त्या शेवटपर्यंत 'गर्ल'च म्हणत राहिल्या.

इथे परदेशात, हौगांगला, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. त्या काळी हॉटेलांत कॅबरे गायच्या, पियानोही स्वतःच वाजवायच्या आणि आठवड्यातून एकदा रेडिओवर असायच्या. कार्यक्रम थेट जायचा, रेकॉर्डिंग कोणी ठेवत नसे. "चुकलीस तरी थांबायचं नाही. थांबलीस तरच लोकांना कळतं, लाह!" त्या सांगायच्या; हे 'लाह' म्हणजे इथलं 'बरं का'. मी पडले पुण्याची, दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. आंटींपुढे मात्र मुकाट बसायचे.

शनिवारी संध्याकाळी मी पोहे घेऊन जायचे. चार घास खाऊन त्या पियानोपाशी बसत. शहाऐंशीव्या वर्षी आवाज फाटायचा, दम पुरायचा नाही. तसं झालं की मला डोळा मारून नुसता पियानो वाजवायच्या.

अशाच एका शनिवारी मी पर्समध्ये मोबाइल ठेवून गुपचूप गाणं रेकॉर्ड केलं. वर शहाणपणा असा, की लगेच त्यांनाच ऐकवलं. वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा पडला.

"पुसून टाक."

"आंटी, तुमचं एकही गाणं कुठे उरलेलं नाही. हे तरी राहू द्या ना."

"ज्यांनी मला ऐकलं, त्यांच्याकडे मी अजून पंचविशीची आहे. हे मागे राहिलं, तर हेच खरं वाटेल. माझ्यासमोर पूस."

मी पुसलं. मनातून फार रागावले होते, हे कबूल करते. पुढच्या शनिवारी त्यांनी दारातच माझी पर्स काढून घेतली, बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवली आणि मग खुशाल गायल्या.

गेल्या महिन्यात आंटी गेल्या. इथल्या रीतीप्रमाणे आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत त्यांना अखेरच्या निरोपासाठी ठेवलं होतं. पर्थहून त्यांच्या भाचीची मुलगी आली होती. प्रत्येकाला ती एकच विचारत होती, "त्यांचं एखादं गाणं आहे का तुमच्याकडे? मी कधी ऐकलंच नाही." मी 'नाही' म्हणाले.

"निदान सांगा तरी, कसा होता आवाज?"

मी तिला शेजारी बसवलं आणि सांगत सुटले: किती भरदार, किती मोकळा, ऐकणाऱ्याच्या हातातला घास कसा हातातच राहायचा. पंचविशीतला तो आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता.